फॉरमॅट मारण्याआधी : बिघडलेल्या विंडोजविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. विंडोज कुठेतरी बिघडले आहे आणि ज्याला विचारावे तो म्हणतो, 'फॉरमॅट मारा, सुटाल.' फॉरमॅटने सुटका होते हे खरे. पण त्यासोबत सगळे प्रोग्राम पुन्हा टाकणे, सेटिंग्ज पुन्हा लावणे आणि विसरलेले पासवर्ड शोधणे हेही आलेच. बहुतेक वेळा एवढ्या थराला जावे लागत नाही.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत टाका. प्रत्येक / च्या आधी एक जागा सोडा, नंतर सोडू नका. पत्त्यातल्या \ च्या आगेमागे मात्र जागा नको.

प्रश्न : अपडेट चालू असताना वीज गेली. तेव्हापासून सेटिंग्जची खिडकी उघडताच बंद होते. 'एसएफसी /स्कॅननाऊ' (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड) तीनदा चालवले. दर वेळी उत्तर एकच : खराब फाइली सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. आता फॉरमॅटच का?

उत्तर : फॉरमॅट नको, आणि चौथ्यांदा एसएफसीही नको. ती का अडते आहे ते आधी पाहा.

विंडोजच्या प्रत्येक संरक्षित फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, नोंदवून ठेवलेला असतो. एसएफसी डिस्कवरची फाइल त्या नोंदीशी ताडून पाहते. जुळली नाही तर विंडोज फोल्डरातल्या विनएसएक्सएस नावाच्या कोठारातून चांगली प्रत काढून बसवते. एसएफसीच्या गाठीला स्वतःचे काही नाही. सगळी भिस्त कोठारावर. मेख इथेच आहे. सिस्टम३२ (विंडोजच्या मुख्य फाइलींचा फोल्डर) मधली फाइल आणि कोठारातली तिची प्रत या बहुतेक वेळा दोन वेगळ्या प्रती नसतातच. डिस्कवरच्या एकाच मजकुराला दिलेली ती दोन नावे असतात. त्याला हार्ड लिंक म्हणतात. कोणी सिस्टम३२ मधली फाइल पुसली किंवा तिच्या जागी दुसरी ठेवली, तर कोठारातले नाव शाबूत राहते आणि एसएफसी चुटकीसरशी काम उरकते. पण मूळ मजकूरच नासला असेल, म्हणजे सेक्टर खराब झाला किंवा लिहिता लिहिता वीज गेली, तर दोन्ही नावांमागे तोच नासका मजकूर उभा असतो. मग एसएफसी दहादा चालवा, नाहीतर शंभरदा.

म्हणून आधी कोठार दुरुस्त करायचे, मग फाइली. कोठाराचे काम डिस्म ही कमांड करते. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, दिसेल त्यावर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि द्या :

डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्कॅनहेल्थ

कोठारात बिघाड आहे असे तिने सांगितले, तर शेवटचा शब्द बदलून :

डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

'चेकहेल्थ' नावाचा तिसरा प्रकार आहे आणि तो दोन-चार सेकंदांत संपतो. त्याने पुष्कळांची फसगत होते. तो काहीच तपासत नाही. आधीच्या कुठल्या तपासणीत बिघाडाची खूण नोंदली गेली होती का, एवढेच वाचून दाखवतो. 'बिघाड नाही' हे त्याचे उत्तर फारसे मनावर घेऊ नका.

रिस्टोअरहेल्थ चांगल्या फाइली विंडोज अपडेटवरून आणते, त्यामुळे इंटरनेट चालू हवे. एसएसडीवर दहा ते तीस मिनिटे धरून चाला, जुन्या फिरत्या डिस्कवर तासही जाईल. आकडा मध्येच, विशेषतः ६२.३ टक्क्यांवर, बराच वेळ थबकतो. ते अडकणे नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क किंवा प्रोसेसरची हालचाल दिसते तोवर खिडकी बंद करू नका.

काम झाले की रीस्टार्ट आणि मगच एसएफसी /स्कॅननाऊ. या वेळी 'सापडल्या आणि दुरुस्त केल्या' असे उत्तर आले, तर आणखी एकदा रीस्टार्ट करून पुन्हा चालवा. वापरात असलेल्या काही फाइली रीस्टार्टच्या वेळीच बदलल्या जातात. 'मागितलेले काम करता आले नाही' असे उत्तर आले तर सेफ मोडमधून, म्हणजे विंडोज गरजेपुरत्याच गोष्टी घेऊन सुरू करून, प्रयत्न करा.

एवढे करूनही काही फाइली उरल्या, तर त्या कोणत्या हे बघायलाच हवे. सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस या फोल्डरात सीबीएस.लॉग आहे. ती थेट उघडायला गेलात तर अनेकदा परवानगी मिळत नाही, म्हणून आधी डेस्कटॉपवर प्रत करा. नोटपॅडमध्ये 'कॅनॉट रिपेअर' शोधा. एसएफसीच्या ओळींवर चौकटी कंसात एसआर ही अक्षरे असतात. बाकीच्या ओळी अपडेटच्या, त्यांच्यात गुंतू नका. सापडलेली नावे वाचली की पुष्कळदा जीव भांड्यात पडतो. जुलै २०१९ मध्ये विंडोज १० वर असंख्य लोकांना एसएफसीचे हेच 'दुरुस्त करता आल्या नाहीत' दिसत होते. फाइली होत्या डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या पॉवरशेल मॉड्यूलच्या. डिफेंडरच्या अपडेटने त्या बदलल्या होत्या आणि जुनी नोंद त्यांच्याशी जुळत नव्हती. मशीनमध्ये काही बिघडलेच नव्हते. पुढच्या अपडेटने ते मिटले.

प्रश्न : डिस्म चालवले, इंटरनेटही आहे, तरी ०एक्स८००एफ०८१एफ ही चूक येते. तिचा अर्थ काय?

उत्तर : हवी ती फाइल जिथून आणायची तिथे सापडली नाही, एवढाच. अशा वेळी चांगल्या फाइली आपण हातात द्यायच्या.

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एका फाइलीत) उतरवा आणि तिच्यावर डबल क्लिक करा. ती नव्या ड्राइव्हसारखी दिसू लागेल. तिचे अक्षर ई आहे असे धरू. तिच्या सोर्सेस फोल्डरात इन्स्टॉल.विम असते, काही वेळा इन्स्टॉल.ईएसडी. त्या एका फाइलीत होम, प्रो अशा अनेक आवृत्त्या असतात. तुमची कितव्या क्रमांकाला आहे हे पाहण्यासाठी :

डिस्म /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम

समजा क्रमांक ६ निघाला, तर :

डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:६ /लिमिटॲक्सेस

फाइल ईएसडी असेल तर या कमांडमध्ये दोन्ही ठिकाणी विमच्या जागी ईएसडी लिहा, आधीच्या कमांडमध्ये फक्त फाइलीच्या नावात. शेवटच्या शब्दामुळे डिस्म अपडेटच्या वाटेला जात नाही, दिलेल्या फाइलीतच शोधते.

हे करूनही तीच चूक येणारे पुष्कळ जण असतात, आणि कारण जवळपास नेहमी एकच : आयएसओ आणि मशीन यांचा मेळ नाही. स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करून बिल्ड क्रमांक बघा. भाषा तीच हवी, आवृत्ती तीच हवी आणि बिल्डही तोच हवा. मशीनवर मागच्या महिन्यापर्यंतची अपडेट्स आहेत आणि आयएसओ वर्षापूर्वीची आहे, तर डिस्मला हवी असलेली नव्या अपडेटमधली फाइल त्या आयएसओत असणारच कशी?

कचेरीतल्या मशीनवर आणखी एक अडचण येते. अपडेट्स कचेरीच्या सर्व्हरवरून येत असतील तर दुरुस्तीच्या फाइली तिथे असतीलच असे नाही. मग नेटवर्क सांभाळणाऱ्यांनाच सांगावे. त्यांचे ग्रुप पॉलिसीचे, म्हणजे कचेरीतल्या मशीनांना लावलेल्या नियमांचे, कुलूप तुमच्या कमांडने उघडणार नाही.

प्रश्न : 'वरून विंडोज टाका, डेटा जात नाही' असा सल्ला मिळाला. हे खरे आहे का? पेनड्राइव्हवरून सुरू केले तर तो पर्याय दिसत नाही.

उत्तर : खरे आहे, पण पेनड्राइव्हवरून सुरू करून नव्हे. चालू विंडोजमध्ये शिरूनच ते करावे लागते. आयएसओ उघडा आणि आतली सेटअप.ईएक्सई चालवा. पुढे 'काय ठेवायचे' या पानावर 'वैयक्तिक फाइली आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडा. तो पर्याय फिका दिसत असेल तर तिथेच थांबा. आयएसओची भाषा वेगळी आहे, आवृत्ती वेगळी आहे किंवा ती मशीनवरच्या विंडोजपेक्षा जुनी आहे. 'बघू काय होते' म्हणून पुढे गेलात तर प्रोग्राम गेलेच समजा.

आधीची तयारी : सी ड्राइव्हवर निदान २५ जीबी मोकळी जागा, बाहेरचा अँटिव्हायरस तात्पुरता काढलेला, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असल्यास 'सस्पेंड' केलेला आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला. विंडोज ११ वर हेच काम आयएसओविना होते. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग रिकव्हरी, तिथे विंडोज अपडेट वापरून दुरुस्ती करण्याचा पर्याय आहे आणि त्यासमोर 'रीइन्स्टॉल नाऊ' हे बटण. नाव ऐकून दचकू नका; फाइली, ॲप्स आणि सेटिंग्ज राहतात. हा पर्याय २२एच२ आणि पुढच्या आवृत्त्यांत आहे. आयएसओने केलेल्या दुरुस्तीनंतर जुने विंडोज 'विंडोज.ओल्ड' या नावाने साधारण दहा दिवस पडून राहते, मग आपोआप पुसले जाते.

आमच्या मते डिस्म दोनदा हरले की सरळ याच वाटेला लागावे. एकेका फाइलीसाठी दोन दिवस झगडण्यात शहाणपण नाही. बॅकअप मात्र आधी, डेटा राहतो असे आम्हीच सांगितले असले तरी.

प्रश्न : मशीन सुरूच होत नाही. 'ऑटोमॅटिक रिपेअर' येते, फिरते, पुन्हा तेच. कमांड प्रॉम्प्ट मिळतो, पण त्यात एसएफसी दिली की 'दुरुस्ती प्रलंबित आहे, रीस्टार्ट करा' असे सांगते.

उत्तर : कारण ती चुकीचे विंडोज तपासते आहे. दुरुस्तीच्या त्या पडद्यामागे एक छोटे वेगळे विंडोज मेमरीत चाललेले असते. त्याच्या ड्राइव्हचे अक्षर एक्स. तुमचे आजारी विंडोज कुठे आहे हे एसएफसीला बोट धरून दाखवावे लागते. ते सी वरच असेल असे समजू नका, इथे अक्षरे बदललेली असतात. 'नोटपॅड' टाइप करा आणि फाइल-ओपनमधून ड्राइव्ह चाळा; ज्यात विंडोज आणि यूजर्स हे फोल्डर एकत्र दिसतील तो तुमचा. तो डी निघाला तर :

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज

ड्राइव्ह उघडतच नसेल तर बिटलॉकरचे कुलूप आहे. त्याला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. घरच्या मशीनची की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

नोटपॅडचा दुसरा उपयोग असा की त्याच फाइल-ओपनच्या खिडकीतून महत्त्वाचे फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर चिकटवता येतात. पुढचे काही करण्याआधी ते करून घ्या. खिडकीत सगळ्या प्रकारच्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडायला विसरू नका.

गडबड अर्धवट राहिलेल्या अपडेटनंतर सुरू झाली असेल, तर त्या अपडेटची उरलेली कामे रद्द करणे हा सर्वांत गुणकारी उपाय :

डिस्म /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स

ही कमांड न उठणाऱ्या मशीनसाठीच आहे. कोठाराची दुरुस्ती इथून करायची असेल तर /ऑनलाइनऐवजी /इमेज:डी:\ लिहा आणि /सोर्स द्याच. शिवाय डी ड्राइव्हवर स्क्रॅच नावाचा रिकामा फोल्डर करून /स्क्रॅचडिर:डी:\स्क्रॅच जोडा. नाहीतर डिस्म तात्पुरत्या फाइली एक्सवर लिहायला जाते आणि तिथली इवलीशी जागा भरून काम अर्ध्यावर पडते.

विंडोजच्या फाइली ठीक, पण बूटच्या फाइली गेल्या असतील तर एसएफसीचा उपयोग नाही. जुन्या लेखांत 'बूटरेक /फिक्सबूट' सांगितलेले असते. यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी व्यवस्था) असलेल्या मशीनवर ते बहुधा 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून परत येते. त्यापेक्षा डिस्कचे भाग हाताळणारी डिस्कपार्ट ही कमांड उघडा. 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन १०० एमबीच्या आसपासचा फॅट३२ भाग शोधा, 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि त्याचा क्रमांक देऊन तो निवडा, 'असाइन लेटर=एस' द्या, 'एक्झिट' करा. मग :

बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या जातात. डिस्कपार्टमध्ये असताना 'क्लीन' आणि 'फॉरमॅट' या शब्दांजवळही फिरकू नका.

आणखी एक जुना उपाय अजून फिरतो आहे : रेगबॅक फोल्डरातून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, परत आणणे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथे आपोआप बॅकअप होत नाही; फाइलींची नावे दिसतात, पण आकार शून्य. त्या रिकाम्या फाइली खऱ्या रजिस्ट्रीवर चिकटवल्या की होते नव्हते तेही जाते. रजिस्ट्रीवर संशय असेल तर याच पडद्यावरून सिस्टम रिस्टोअर वापरा.

प्रश्न : तुम्ही सांगता तसे सगळे केले, दुरुस्त झाले. आठ दिवसांत पुन्हा तेच. फाइली स्वतःहून कशा खराब होतात?

उत्तर : होत नाहीत. खरे तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण मरणाऱ्या डिस्कवर डिस्म चालवणे म्हणजे तिला आणखी पळवणे. संशय असेल तर क्रम असा ठेवा : बॅकअप, डिस्क, रॅम आणि मग फाइली.

डिस्कची नाडी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, आकड्यांत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ते दाखवते. हार्ड डिस्कवर तीन ओळी पाहा. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने टांगणीला लागलेले सेक्टर. हे आकडे शून्यावर असावेत. थोडे असून स्थिर असतील तर लक्ष ठेवा. आठवड्यात वाढत असतील तर डिस्क बदला. तिसरी ओळ सी७. ती वाढत असेल तर डिस्कपेक्षा डेटा केबलवर संशय घ्या. केबल बदलली की वाढ थांबते, जुना आकडा मात्र तसाच राहतो. एनव्हीएमई एसएसडीवर 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही ओळ बघा.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टम लॉगमध्ये 'डिस्क'च्या नावावर ७ क्रमांकाची नोंद असेल तर खराब ब्लॉक आहे. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. 'एनटीएफएस'ची ५५ म्हणजे फाइल सिस्टमची रचना बिघडली. त्या शेवटच्यासाठी 'चेकडिस्क सी: /एफ' (हिचे कमांडमधले स्पेलिंग सीएचकेडीएसके) द्या; ती रीस्टार्टच्या वेळी चालते. /आर लावले तर ती प्रत्येक सेक्टर वाचते आणि मोठ्या हार्ड डिस्कवर रात्र घेते. चेकडिस्कला फाइलींत काय लिहिले आहे याच्याशी देणेघेणे नाही, तिला रचना सावरायची असते. त्या भरात ती फाइलींचे तुकडे छाटूही शकते. म्हणून एसएफसी नेहमी चेकडिस्कनंतर.

डिस्क निर्दोष निघाली तर रॅम. खराब रॅममध्ये चांगली फाइल शिरते आणि एखादा बिट बदलून डिस्कवर लिहिली जाते. एसएफसी दर वेळी वेगवेगळ्या फाइली खराब म्हणून दाखवत असेल तर ही खूण जवळपास पक्की. विंडोजमधली एमडीशेड ही चाचणी वरवरची आहे. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक दिसली तरी रॅम नापास, 'एकच तर आहे' हा हिशेब इथे चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने पळवणारी सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. कित्येकदा पट्टी चांगली असते, तिला पळवलेला वेग तिला झेपत नसतो. दोन पट्ट्या असल्या तर एकेक लावून बघा.

प्रश्न : एक प्रोग्राम 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही' म्हणतो. ती फाइल नेटवरून उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकू का?

उत्तर : नाही. सुट्या डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या सामाईक कोडच्या फाइली) वाटणाऱ्या ठिकाणची फाइल कोणत्या आवृत्तीची आहे आणि तिच्यात आणखी काय दडले आहे हे कळायला मार्ग नाही. ही फाइल व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलची आहे. ते मायक्रोसॉफ्टकडून घ्या. ६४ बिट विंडोजवरही एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही टाका, कारण ३२ बिट प्रोग्रामला एक्स८६ चीच लागते.

प्रश्न : एसएफसी आणि डिस्म दोन्ही म्हणतात सगळे ठीक आहे, पण स्टार्ट मेनू उघडत नाही.

उत्तर : नवे यूजर खाते तयार करून त्यात शिरा. तिथे मेनू उघडला तर बिघाड तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे, आणि प्रोफाइल या दोन्ही कमांडच्या हद्दीबाहेर असते. कागदपत्रे नव्या खात्यात हलवणे हाच कमी कटकटीचा मार्ग.

प्रश्न : लिनक्सवर एसएफसीसारखे काही आहे का? उबुंटू वापरतो, डिस्क भरल्यामुळे अपडेट अर्धवट राहिले.

उत्तर : आधी जागा मोकळी करा, मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. अर्धवट अपडेट बहुधा एवढ्यावर पुरे होते.

फाइलींच्या तपासणीसाठी डेबसम्स हे पॅकेज टाका आणि 'सुडो डेबसम्स -एस' चालवा. फक्त चुका दिसतील. सापडलेली फाइल कोणत्या पॅकेजची हे 'डीपीकेजी -एस' (हा एस मोठ्या लिपीतला, डेबसम्सचा लहान) आणि फाइलीचा पूर्ण पत्ता देऊन कळते. मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' आणि पॅकेजचे नाव. एवढ्याने फक्त त्या पॅकेजच्या फाइली पुन्हा बसतात, तुमच्या होम फोल्डरला धक्का लागत नाही. फेडोरासारख्या आरपीएमवाल्यांना 'आरपीएम -व्हीए' आहे, त्यात व्ही मोठा. उत्तराच्या ओळीत ५ दिसला तर फाइलीचा मजकूर बदललेला आहे. त्याच ओळीत सी असेल तर ती कॉन्फिगरेशनची फाइल असून बदल बहुधा तुम्हीच केलेला असतो.

डेबसम्स ज्या यादीशी ताडते ती यादी त्याच डिस्कवर असते. डिस्कच खराब असेल तर यादीवरही विश्वास ठेवू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी ती डिस्क तपासा, आणि एफएससीके (लिनक्सचे चेकडिस्क) चालवण्याआधी डिस्कचा तो भाग अनमाउंट केलेला, म्हणजे वापरातून सोडवलेला, असल्याची खात्री करा.